कांद्याची निशाणी

वामनराव खामगावात उतरले ते चैत्राच्या ऐन उन्हात, आणि गळ्यात टाय बांधून. हमालांनी टाय पाहिला नव्हता असं नाही. जलंबच्या फलाटावर मेन लाइनच्या डब्यात बसलेले टाय त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पण ते सगळे नागपूरकडे नाहीतर मुंबईकडे निघून जायचे. फाट्याच्या गाडीत धक्के खात खामगावापर्यंत आलेला, आणि उतरल्यावर ‘माणिकराव बोंबटकारांची दालमिल कुठे आहे हो?’ असं विचारणारा हा पहिलाच टाय.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. माणिकरावांच्या तूरडाळीच्या पोत्यांवर मात्र अजून ‘मुंबई राज्य’ असंच छापलेलं लेबल लागत होतं, कारण जुना गठ्ठा संपायचा होता. ती लेबलं तरी कुठे धड टिकत होती! अकोल्याचा माल बडनेऱ्याला उतरायचा आणि बडनेऱ्याचा कुठे उतरायचा ते कोणाला कधी कळलंच नाही. शेवटी माणिकरावांनी कोणाच्या तरी ओळखीनं पुण्याहून हा माणूस आणला. एका छापखान्यात बारा वर्षं त्यानं नुसती लेबलं छापली होती.

पहिल्याच दिवशी वामनरावांनी गोदामातल्या सगळ्यांना बोलावलं आणि एका पोत्यावर चढून भाषण केलं. “लेबल म्हणजे मालाचा चेहरा. चेहरा स्वच्छ, तर माल स्वच्छ!”

पोत्यांची तोंडं शिवणारी रुखमाबाई तायडे मागच्या रांगेत दाभणात सुतळी ओवत उभी होती. ती शेजारच्या सहदेव हमालाला म्हणाली, “लेबल म्हंजे चेहरा, तं मंग हा उभा कुठं हाये? मालाच्या डोस्क्यावर?”

सहदेवला हसू आवरेना. वामनरावांना वाटलं, आपल्या बोलण्याचा परिणाम होतोय.

रुखमाबाई चाळिशीतली. अकरा वर्षं ती या गोदामात होती. डाळीची पोती भरून झाली की ती तोंड शिवायची आणि शिवता शिवताच लेबल बांधायची. हात जलद, आणि जीभ हातापेक्षा जलद. तिचा नवरा पुंजाजी टेसनासमोर सायकली दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, पंक्चर मी जोडतो आणि माणसं ही पंक्चर करते.

वामनरावांनी आधी खळीनं चिकटवायची कागदी लेबलं काढली. दिसायला देखणी. मैद्याची खळ घट्ट शिजवून, ब्रशानं सारखी लावून, पोत्याच्या पोटावर चिकटवायची. पहिल्या दिवशी साठ पोती अशी नटूनथटून मालधक्क्यावर गेली. तासाभरात टेसनमास्तरांची शेळी आली. तिनं खळीचा वास घेतला, एक लेबल चाखून पाहिलं आणि बाकीच्या शेळ्यांना वर्दी दिली. दुपारी वामनराव धक्क्यावर पोचले तेव्हा साठही पोती बिनचेहऱ्याची होती आणि शेळ्या सावलीत बसून रवंथ करत होत्या.

“यांना कोणी हाकललं नाही?” वामनराव ओरडले.

“हाकलत होतो ना सायेब,” सहदेव म्हणाला. “पन मास्तरची शेळी हाये. तिले बे म्हनायची सोय नाई.”

मग पत्र्याचे बिल्ले आले. ठसठशीत उठावाची अक्षरं, तारेनं पोत्याला अडकवायचे. शेळ्यांनी ते हुंगून सोडून दिले. वामनराव खूश झाले. पण चैत्र भरात होता. पोती अंगणात उन्हात पडायची, पत्रा तापायचा, आणि मग हमाल पोतं खांद्यावर घ्यायचा. तिसऱ्या दिवशी सहदेव सदरा काढून ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला आणि पाठमोरा झाला. उजव्या खांद्यावर लालबुंद अक्षरं उमटली होती, उलटी पण स्वच्छ: ‘माणिक छाप, अव्वल’.

“पाहा सायेब,” सहदेव म्हणाला. “आता मले बी वॅगनीत घालून भुसावळले धाडा.”

माणिकराव ऑफिसातच होते. ते हसले, पण हमालांनी काम थांबवलं म्हटल्यावर हसू आवरून त्यांनी पत्र्याचे बिल्ले बंद करायला सांगितलं.

तिसऱ्यांदा वामनरावांनी जाड पुठ्ठ्याची लेबलं पुण्याहून छापून आणली. वर भोक, भोकाला पितळी कडी, मधोमध माणकाचं चित्र, खाली सगळा मजकूर. सुतळीनं शिवणीतच गुंतवून टाकायची. शेळीला चावत नव्हती, खांद्याला चटका देत नव्हती. खरंच चांगली होती. रुखमाबाईनं हे मनातल्या मनात मान्य केलं. वामनरावांनी तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

पण त्यांनी पुन्हा सगळ्यांना गोळा केलं. अव्वल डाळीच्या लेबलाचा कोपरा लाल होता, चुरीच्या, म्हणजे फुटक्या डाळीच्या, लेबलाचा निळा. ते त्यांनी सगळ्यांना दाखवलं आणि मग मुद्दाम रुखमाबाईकडे वळले. एखाद्या बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं एकेक शब्द तोडून म्हणाले, “बाई, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून ही सोय. लाल म्हणजे चांगली डाळ. निळं म्हणजे चुरी. लाल. कुंकवाचा रंग. कुंकू चांगलं असतं ना? तसं. कळलं?”

रुखमाबाई नगरपालिकेच्या शाळेत चौथी पास झाली होती. पहिल्या नंबरानं. पुढं बौद्ध झाल्यावर वस्तीतल्या बायकांना अक्षरं शिकवायला तीच बसायची. कुंकू तर तिनं सात वर्षांपूर्वीच सोडलं होतं. यातलं काहीच ती बोलली नाही. फक्त “हाव” म्हणाली आणि दाभण इतक्या जोरात पोत्यात खुपसलं की डाळीची धार लागली.

त्या दिवशी घरी जाताना तिनं छपाईत बिघडलेल्या लेबलांचा एक गठ्ठा चुलीला लावायला नेला. पाच-पन्नास लेबलांवर ‘अव्वल’चं ‘अवल’ झालं होतं आणि वामनरावांनी ती हळहळत फेकून दिली होती. संध्याकाळी रुखमाबाई कांदा चिरत होती. चुलीवर वरणाला उकळी आली. तिनं कांद्याच्या ओल्या हातानंच एक लेबल उचललं, त्यानं तापलेलं झाकण धरून बाजूला केलं, आणि लेबल तसंच शेजारच्या तापल्या तव्याच्या काठावर ठेवलं. मिनिटभरानं पाहते तर लेबलाच्या कोऱ्या पाठीवर पाच तपकिरी बोटं. रेघ न् रेघ दिसत होती.

“अवो, इकडे या!” तिनं पुंजाजीला हाक मारली. “हे पाहा काय निंगालं!”

पुंजाजी म्हणाला, “भूत.”

“भुताले कांद्याचा वास येते काय?”

मग तिनं खराट्याची एक काडी मोडली, कांदा ठेचून पिळला, रसात काडी बुडवून दुसऱ्या पुठ्ठ्यावर पुंजाजीचं तोंड काढलं. वाळल्यावर पुठ्ठा पुन्हा कोरा. तव्यावर धरला, तर पुंजाजी मिशांसकट हजर. पुंजाजीनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “माह्या मिशा अशा खाली लोंबतात?”

तिसरा पुठ्ठा तिनं घेतला तेव्हा काय काढायचं हे तिला ठरवावं लागलं नाही. एक गाढव. डोळ्यांवर गोल चष्मा. आणि गळ्यात टाय.

तिला त्या रात्री किती दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून रुखमाबाई डब्यात भाकरीबरोबर एक बाटली आणू लागली. दुपारच्या सुटीत सगळे कडुलिंबाखाली जेवायचे तेव्हा ती गोदामात एकटी बसून त्या दिवसाची अव्वलची लेबलं पुढ्यात पसरायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर काडी फिरवायची. दोन कान, एक तोंड, दोन गोल, एक टाय. सहा फटकाऱ्यांत गाढव पुरं. तासाभरात वाळायचं आणि संध्याकाळी पोत्याला बांधून टेसनावर. चुरीच्या लेबलांवर ती काढत नसे. चुरीसाठी कांदा वाया घालवायचा नाही, एवढंच.

यात तिला मिळवायचं काहीच नव्हतं. कोणाला दिसणार नव्हतं, कोणाला सांगायचं नव्हतं. सहदेवला तेवढं तिनं एकदा दाखवलं होतं, तेही तो शपथेवर गप्प बसणारा म्हणून. पण वामनराव एखाद्या पोत्यापाशी थांबून, लेबल प्रेमानं हातात घेऊन, “वा! काय चेहरा आहे!” म्हणाले, की रुखमाबाईचा दिवस गोड व्हायचा. “हाव ना सायेब,” ती म्हणायची, “चेहरा तं लय जमला.”

एकदा मात्र सगळं उघडं पडायला आलं. उन्हानं पुठ्ठे वाकडे व्हायला लागले. वामनरावांना वाकडं लेबल सहन होत नसे. त्यांनी ऑफिसात कोळशाची इस्त्री आणून ठेवली आणि गठ्ठ्यातली कोरी लेबलं हातात देण्याआधी स्वतः सरळ करून देऊ लागले. तोवर ठीक होतं. पण एका दुपारी ते धगधगती इस्त्री घेऊन थेट गोदामात आले आणि शिवून तयार असलेल्या पोत्याकडे निघाले.

रुखमाबाई आडवी झाली. “सायेब, काय करून राह्यले?”

“ही वाकली आहेत. बांधल्यावरही इस्त्री फिरवायला हवी.”

“पोत्यावर? अन् आतली डाळ शिजली मंग?”

वामनराव थांबले. “शिजेल?”

“भरल्या पोत्यावर इस्त्री! सायेब, लोकं कच्ची डाळ मांगतात. वरण कोनीच मांगत नाई.”

वामनरावांनी थोडा विचार केला. डाळीतलं त्यांना फारसं कळत नव्हतं आणि ते त्यांना माहीत होतं. ते परत फिरले. सहदेव पोत्यामागे बसून तोंडात मुंडासं कोंबून हसत होता.

असे दोन महिने गेले. ज्येष्ठ सरता सरता भुसावळचा व्यापारी स्वतः आला. आधी पत्र नाही, तार नाही. टांग्यातून उतरला तो सरळ ऑफिसात, हातात लेबलांची एक जुडी. मागून एक पोतं आलं. त्यानं सगळ्यांसमोर पोत्याची शिवण कापली आणि मूठभर माल माणिकरावांच्या टेबलावर टाकला. चुरी होती. तीही किडकी.

“अठ्ठेचाळीस पोती अव्वल म्हणून आली,” व्यापारी म्हणाला. “त्यातली चाळीस अशी. लेबल तुमचं, छाप तुमचा. बाजारात माझं तोंड काळं झालं, माणिकराव.”

माणिकरावांनी वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी चष्मा पुसून एक लेबल तपासलं, कडी तपासली, चित्र तपासलं. “लेबल आपलंच आहे. माझी छपाई मी ओळखतो,” ते म्हणाले. “म्हणजे चूक बांधताना झाली. चुरीच्या पोत्याला लाल लेबल बांधलं गेलं.”

रुखमाबाईला बोलावणं आलं. सहदेवलाही, कारण पोती तो रचायचा. ऑफिसात माणिकराव, वामनराव, भुसावळचा व्यापारी, आणि खिडकीशी पाय पसरून बसलेले माणिकरावांचे मेव्हणे शालिग्राम. शालिग्राम कामावर नव्हते, पण ऑफिसात नेहमी असायचे. गोदामापासून टेसनापर्यंत माल नेणाऱ्या बैलगाड्या त्यांच्या होत्या, आणि त्या गाड्या त्यांच्या आवारावरून जायच्या. तोंडात पान, हातात वारा घ्यायला काहीतरी.

“मी यांना समजावलं होतं,” वामनराव माणिकरावांना सांगत होते. “लाल आणि निळं. पण अक्षरओळखच नसेल तर माणूस किती लक्षात ठेवणार?”

रुखमाबाईनं टेबलावरचं लेबल उचललं आणि मोठ्यानं वाचायला लागली. “माणिक छाप. निवडक तूरडाळ. अव्वल. माणिकराव बोंबटकार, दालमिल व गोदाम, खामगाव, जिल्हा बुलडाणा, महाराष्ट्र राज्य. ओल व आच यांपासून दूर ठेवावे.” मग तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं, तेही तिनं पेठेसकट वाचलं. “अन् ‘निवडक’मधली वेलांटी चुकली हाये. दीर्घ काढली.”

वामनरावांनी लेबल हिसकावून डोळ्यांजवळ नेलं. वेलांटी खरंच चुकली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेतून चूक सुटली होती. ते एवढे खजील झाले की क्षणभर भुसावळच्या तक्रारीचा त्यांना विसर पडला.

“तुम्हाला वाचता येतं? मग सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं कुठं? तुमी तं सांगितलं.”

पण वाचता येतं हे कळल्यानं गोष्ट सुधारायच्या ऐवजी बिघडली. भुसावळचा व्यापारी म्हणाला, “म्हणजे चूक नाही. मुद्दाम केलंय.” शालिग्रामांनी पिंक टाकून मान हलवली. “जीजाजी, हमाल आन् बाई एकमेकाले मिळेल हायेत. अव्वल डाळ बाहेर नेऊन इकली असन.”

माणिकराव वाईट माणूस नव्हते, पण पाहुण्यासमोर त्यांना काहीतरी करून दाखवणं भाग होतं. “रुखमाबाई, सहदेव, उद्यापासून येऊ नोका,” ते म्हणाले. “पुढचं पुढं पाहू.”

सहदेवनं मुंडासं काढून हातात घेतलं. त्याच्या खांद्यावरच्या ‘अव्वल’चा डाग अजून गेला नव्हता. तो नुसता जमिनीकडे पाहत उभा राहिला. रुखमाबाईला स्वतःवरच्या आळाचा राग आला नव्हता एवढा त्याच्या त्या मान खाली घालण्याचा आला. आणि त्याच रागात तिच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. चाळीस लेबलं. त्यांच्या पाठीवर एकतर गाढव असेल, नाहीतर नसेल.

लगेच पुढची गोष्टही लख्ख झाली. गाढव दाखवायचं, तर टायही दिसणार.

तिनं वामनरावांकडे पाहिलं. वामनराव अजून वेलांटीकडेच बघत होते. घामानं त्यांचा टाय छातीला चिकटला होता, तरी गाठ सैल केली नव्हती.

“मालक,” रुखमाबाई म्हणाली, “जाऊ आमी. पन आधी ते इस्त्री द्या मले. अन् वामनराव सायेबाले जरा बाहेर पाठवा.”

“मी का बाहेर जाऊ?” वामनराव म्हणाले.

“तुमच्याच भल्याचं सांगते.”

“मी कुठेही जाणार नाही. लेबलं माझी आहेत.”

“मंग पाहा,” रुखमाबाई म्हणाली. “मंग मले बोलू नोका.”

कोपऱ्यातली इस्त्री गरमच होती. तिनं व्यापाऱ्याच्या जुडीतलं वरचं लेबल टेबलावर पालथं ठेवलं आणि इस्त्री दाबली. सगळे वाकून पाहू लागले. पुठ्ठा थोडा पिवळसर झाला. बाकी काही नाही. तिनं दुसरं घेतलं. काही नाही. तिसरं, चौथं, काही नाही.

“हे काय चाललंय?” व्यापारी म्हणाला.

“सहदेव, गोदामातून आजचं एक लेबल आन.”

सहदेव धावत गेला आणि घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता, कारण पुढं काय येणार हे खोलीत तिच्याखेरीज फक्त त्यालाच माहीत होतं. रुखमाबाईनं इस्त्री ठेवली, दहा मोजले, उचलली.

आधी कान आले. मग तोंड. मग चष्म्याची दोन गोलं. आणि शेवटी, एकदम ठसठशीत, टाय.

माणिकरावांनी लेबल उचललं, लांब धरलं, जवळ आणलं, मग लेबलावरून नजर उचलून वामनरावांकडे पाहिलं, आणि परत लेबलाकडे. त्यांचं पोट आधी हललं. मग खुर्ची हलली. मग ते हसले ते असे की बाहेरच्या बायका दारात गोळा झाल्या. भुसावळचा व्यापारी आपली तक्रार विसरला. “कोण हो हे?” त्यानं भाबडेपणानं विचारलं. वामनरावांचा हात आपोआप गळ्याशी गेला होता, त्यामुळे उत्तर देण्याची गरज उरली नाही.

“आमच्या हातून गेलेल्या अव्वलच्या हर एक लेबलावर हे हाये,” रुखमाबाई म्हणाली. तिला कोणाकडेच बघवत नव्हतं. “कांद्याच्या रसानं काढतो मी. आच लागली का निंगते. ज्याच्यावर नाई, ते माह्या हातानं बांधेल नाई.”

मग सगळी जुडी तपासायचं ठरलं. रुखमाबाई इस्त्री फिरवत गेली आणि सहदेव दोन ढीग करत गेला. चाळीस कोरी निघाली. आठांवर गाढव निघालं. व्यापाऱ्यानं आठ हा आकडा ऐकला आणि कपाळाला हात लावला. “आठच पोती चांगली होती! त्या आठांच्या लेबलांवर मी लाल पेन्सिलीनं फुली केली होती. बघा.” बघितलं. गाढव तिथे फुली, फुली तिथे गाढव.

“पण लेबलं तर खरी आहेत,” माणिकराव डोळे पुसत म्हणाले. “बंद कपाटातून गेली कशी? किल्ली कोनाजवळ असते?”

“माझ्याजवळ,” वामनराव म्हणाले. त्यांचा आवाज कुठून तरी खोलातून आला. मग ते खिडकीकडे पाहायला लागले, आणि त्यांच्यामागोमाग सगळेच. शालिग्रामांच्या हातात वारा घ्यायला जे होतं ते लाल कोपऱ्याचं लेबल होतं.

“मी... यांना दिली होती,” वामनराव म्हणाले. “एक गठ्ठा. त्यांनी फार कौतुक केलं होतं. म्हणाले, अशी लेबलं मुंबईलाही पाहिली नाहीत. घरी दाखवायला हवीत.”

खरं सांगायचं तर वामनराव कौतुक करणाऱ्या कोणालाही लेबलं द्यायचे. पोस्टमनकडे सात होती.

“मी जरा पान थुकून येतो,” शालिग्राम म्हणाले आणि बाहेर गेले. ते पान त्यांनी बहुतेक संग्रामपूरला जाऊन थुंकलं, कारण पुढचे चार महिने ते आपल्या सासऱ्याकडेच होते. त्यांच्या आवारात माणिकरावांची चाळीस पोती अव्वल डाळ ताडपत्रीखाली सापडली. टेसनावर जाता जाता गाड्या आवारात वळायच्या, अव्वलची पोती उतरायची आणि तशाच पोत्यांत भरलेली चुरी चढायची, नवीन कोऱ्या लेबलासकट. माणिकरावांनी पोलिसात दिलं नाही. बायकोचा भाऊ होता, आणि घरी जेवायला तर रोज जायचं होतं. पण गाड्या बदलल्या.

सहदेव आणि रुखमाबाई अर्थातच कामावर राहिले. त्या संध्याकाळी बायकांनी रुखमाबाईला अगदी डोक्यावर घेतलं. टायवालं गाढव वस्तीत घरोघर तव्यावर काढलं गेलं. पण तिला स्वतःला काही मजा येत नव्हती. पुंजाजीनं विचारलं, “आता काय झालं व? जितली ना तू?”

“तो मानूस असा उभा होता,” ती म्हणाली, “जसं त्याचं धोतरच फेडलं मी. पँट म्हन.”

“मंग माफी मांग.”

“कायले मांगू? कुंकू समजावून सांगत होता मले.”

दुसऱ्या दिवशी वामनराव आले ते टाय न घालता. मोकळी मान भलतीच बारीक आणि पांढरी दिसत होती. दुपारी, बाकी सगळे कडुलिंबाखाली असताना, ते गोदामात रुखमाबाईपाशी आले आणि एका पोत्यावर बसले. एक लेबल हातात उलटंसुलटं केलं.

“एकूण किती काढलीत?” त्यांनी शेवटी विचारलं.

“दोन महिन्याची... तीनेक हजार असतील.”

“तीन हजार.” वामनरावांनी तो आकडा तोंडात घोळवला. “जबलपूरपर्यंत माल गेलाय आपला.”

“हाव.”

“कोणी तापवून पाहिलं नसेल.”

“कायले पाहातील?”

त्यांनी लेबल पोत्यावर ठेवलं. मग म्हणाले, “मी तुम्हाला तसं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. वाचता येत नाही असं मी धरूनच चाललो.” आणि एका दमात पुढं, जणू हे आधीच्यापेक्षा अवघड होतं, “कान बरे जमलेत. रेघ एका झटक्यात येते तुमची. छापखान्यात असा हात असलेला माणूस आम्हाला मिळाला नाही.”

अकरा वर्षांत या गोदामात कोणी रुखमाबाईच्या हाताबद्दल बोललं नव्हतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, वर ठेचा ठेवला आणि त्यांच्यापुढं धरला. वामनरावांनी खाल्ला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी मागे ठेवला नाही.

माणिकरावांनी महिनाभरात तिला पोती शिवण्यावरून काढून लेबलांच्या टेबलावर बसवलं. खुर्ची दिली, ती उंच होती, म्हणून ती तिच्यावर मांडी घालून बसायची. मजकूर तपासायचा, कोणत्या गावाला किती लेबलं ते ठरवायचं, आणि मागे रसानं खूण करायची. खूण काय असावी यावर वामनरावांनी एक चांगला विचार मांडला, की रोज वेगळी असावी, म्हणजे कोणाला नक्कल करता येणार नाही. मग एक दिवस कोंबडी, एक दिवस लोटा, एक दिवस सायकल. भुसावळच्या व्यापाऱ्यानं तर दुकानात मुद्दाम इस्त्री ठेवली. माल आला की गिऱ्हाइकं आज काय निघतंय ते पाहायला जमायची.

आणि श्रावणात नवीन पंचाईत उभी राहिली. दमट हवेनं पुठ्ठ्याचा लगदा व्हायला लागला. कड्या सुतळीत लटकत राहायच्या आणि लेबल वाटेत कुठेतरी गळून पडायचं.

“मेण लावू,” वामनराव म्हणाले. “मेणकागद. पुण्याला मिळतो.”

“मेनावर रस धरन काय?” रुखमाबाई खुर्चीवरून म्हणाली. “पानी फेकल तसा रसबी फेकल. अन् इस्त्री ठेवली का मेनच पसरन. मांजरपाट घ्या. तुकडे करा, काठ मुडपा, शाईनं नाव लिहा.”

“कापडावर माझं चित्र नीट उठणार नाही.”

“तुमचं चित्र कोन खाते? डाळ खातात लोकं.”

“रुखमाबाई, लेबल म्हणजे...”

“बम झालं तुमचं चेहरा-चेहरा! भिजेल पोट्ट्याच्या तोंडावानी दिसते ते. माहं ऐका, मांजरपाट.”

“मेणकागद.”

सहदेव दारात पोतं खांद्यावर घेऊन उभा होता. बराच वेळ झाला तसा त्यानं विचारलं, “सायेब, बाई, तुमचं ठरेस्तोवर हे खाली ठेवू काय?” पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. वामनराव मेणकागदाचा नमुना शोधायला कपाट उघडत होते, आणि रुखमाबाईनं पदराखालून कापडाचा तुकडा केव्हाच बाहेर काढला होता.